सासू-सासरे स्कॉटलंडला येतायत: भटकंती आणि व्हिस्कीची चव, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिंबरात राहून मला अकरा वर्षं झाली. मार्च उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "आई-बाबा येतायत, कुठं कुठं नेऊ?" आणि मग आवाज थोडा खाली आणून, "डिस्टिलरी दाखवली तर चालेल ना गं?" माझे सासू-सासरे दोनदा येऊन गेलेत, माहेरचे एकदा. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते २८ वर्षं केमिस्ट होते, त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत त्यांचा उल्लेख येईल. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

कोणत्या महिन्यात बोलवावं?

मे किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, फिरायला दिवस पुरून उरतो. पण आपल्या माणसांना उजेडात झोप येत नाही, तेव्हा जाड पडदे आधी लावून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दोन अडचणी आहेत. हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, मिजेस नावाची केमरं चावून हैराण करतात, आणि बऱ्याच डिस्टिलऱ्या याच सुमारास काही आठवडे डागडुजीसाठी उत्पादन बंद ठेवतात. टूर चालू असते, पण भट्ट्या थंड आणि वास गायब. बुकिंग करताना "त्या दिवशी उत्पादन चालू आहे का?" हे जरूर विचारा. डिसेंबरात मात्र बोलवू नका. पावणेचारला सूर्य मावळतो आणि घरात बसून माणसं कंटाळतात.

व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. प्रवासी विमा घ्याच. अपघात विभागातले उपचार मोफत असले तरी पुढं अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर पाहुण्यांना बिल येतं.

पहिले दोन-तीन दिवस काय दाखवू?

फार काही नको. झोपेचं चक्र बसू द्या. किल्ला बघायला घाई करू नका, कारण रॉयल माइलचा दगडी रस्ता चढाचा आहे आणि गुडघ्यांना तो जाणवतो. बसनं वर जा आणि चालत खाली या. किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ सुटते. १८६१ पासूनची ही पद्धत, पूर्वी बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. रविवारी सुटत नाही, तेव्हा वार बघून जा. आर्थर्स सीट २५१ मीटर आहे, पण शेवटचा टप्पा खडकाळ. साठी उलटलेल्यांना कॅल्टन हिल बरी: दहा मिनिटांचा चढ आणि समुद्रापर्यंतचं सगळं शहर समोर.

घरात कुणी पीत नाही. मग डिस्टिलरीत जाऊन काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर ठाम आहे: जा. आमच्या घरात डिस्टिलरी सगळ्यात जास्त कुणाला आवडली असेल तर सासूबाईंना, आणि त्यांनी आयुष्यात थेंबभरही घेतलेली नाही.

आम्ही पिटलॉक्रीच्या ब्लेअर अ‍ॅथॉलला गेलो होतो. आत शिरताना गाइडनं मूठभर भाजका जव सगळ्यांच्या हातावर ठेवला. मग व्हिस्की कशी बनते ते सांगायला लागली: जव भिजवायचा, मोड आणायचे, मोड फार वाढायच्या आत वाळवायचा, मग दळायचा. आई, म्हणजे सासूबाई, लगेच म्हणाल्या, "अगं, हे नाचणीच्या सत्त्वासारखंच की." बरोबरच आहे. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते, म्हणूनच मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व गोडसर लागतं. तो जव दळून गरम पाण्यात ढवळतात, गोड पाणी वेगळं काढतात आणि चोथा गुरांना जातो. यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत त्या गोड पाण्याची साधारण आठ टक्क्यांची बिअरसारखी आंबवण होते. ती तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून, वाफ थंड करून घेतात. ती भांडी बघून आईंना माहेरचा तांब्याचा बंब आठवला, फक्त हा दोन मजले उंच आणि मान वाकडी केलेला.

अण्णांचं लक्ष भलतीकडे होतं. भट्टीच्या खोलीत पितळी चौकटीची, काचेची, कुलूपबंद पेटी असते, तिला स्पिरिट सेफ म्हणतात. उतरणारं स्पिरिट तिच्यातून वाहतं. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढा ठेवायचा, हा निर्णय भट्टीवाला काचेतून बघूनच घेतो. पूर्वी तिची किल्ली सरकारी एक्साइज अधिकाऱ्याकडे असायची. अण्णा बराच वेळ त्या कुलपासमोर उभे राहिले. त्यांच्या कारखान्यातही एक्साइजचा इन्स्पेक्टर आवारातच बसायचा आणि त्याच्या कुलपाशिवाय एक व्हॉल्व्हही उघडत नसे. मग त्यांनी गाइडला विचारलं, "तुमची आंबवण किती तासांची?" ६०-७० तास हे उत्तर ऐकून त्यांचे डोळे विस्फारले. मळीची आंबवण ते याच्या निम्म्या वेळात उरकत असत. पुढची वीस मिनिटं ती गाइड आणि अण्णा दोघंच बोलत होते, आम्ही बाकीचे मागे.

बाबांसमोर, सासऱ्यांसमोर घ्यायची का?

याचं नियमपुस्तक कुठं नाही. घराघरावर आहे. पण प्रश्न खरा आहे आणि अवघड आहे, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगते.

माझ्या नवऱ्यानं चाळिशीपर्यंत अण्णांसमोर ग्लास धरला नव्हता. अण्णा स्वतः महिन्यातून एखाद्या वेळी घेत, पण मागच्या खोलीत, मित्रांबरोबर, दार लोटून. पहिल्या टूरला टेबलावर प्रत्येकासमोर तीन-तीन छोटे ग्लास मांडले गेले. माझ्यासमोरही. कुणीच हात लावेना. शेवटी अण्णाच म्हणाले, "अरे, हा प्रॅक्टिकलचा तास आहे. घ्या." त्यांनी पहिला ग्लास उचलून उजेडात धरला, आणि त्या एका वाक्यानं आम्हा दोघांचा संकोच गेला. घरी परत आल्यावर मागच्या खोलीची पद्धत तशीच राहिली. त्यालाही आमची हरकत नव्हती.

माझा सल्ला एवढाच: आधी फोनवर स्पष्ट बोलून घ्या. तिथं चव देतात, घ्यायलाच हवी असं नाही, कुणाला आवडणार नसेल तर आम्हीही घेणार नाही, असं सांगून टाका. ऐनवेळी टेबलावर कुणालाही कोंडीत पकडू नका. आणि आग्रह करू नका. आपल्याकडे जेवणात आग्रह शोभतो. इथं तो वाईट दिसतो, आणि रक्तदाबाच्या नाहीतर साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला धोक्याचाही ठरतो. गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा.

पहिल्यांदा कोणत्या डिस्टिलरीत जावं?

जवळच्या, छोट्या आणि एकाच.

माहेरचे आले तेव्हा मी एका दिवसात तीन ठिकाणं ठरवली होती. तिसऱ्या ठिकाणी कुणालाही कसला वास येईना, बाबा बाकावर बसून राहिले आणि आईला गाडी लागली. तेव्हापासून दिवसाला एकच डिस्टिलरी, आणि तिच्या आजूबाजूचं काहीतरी बघायचं.

एडिंबरातून मला पिटलॉक्री सगळ्यात सोयीचं वाटतं. इन्व्हर्नेसकडे जाणाऱ्या गाडीनं पावणेदोन-दोन तास लागतात आणि वाटेत फोर्थ ब्रिज ओलांडला जातो. १८९० चा तो लालभडक रेल्वे पूल बघायला अण्णा डब्याच्या दारापाशी जाऊन उभे राहिले होते. साठीच्या वरच्यांना सीनिअर रेलकार्ड मिळतं, तिकिटात एक तृतीयांश सूट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. (६० वर्षांवरच्यांचा मोफत बसपास मात्र इथल्या रहिवाशांनाच.) पिटलॉक्री स्टेशनपासून ब्लेअर अ‍ॅथॉल चालत जाण्याइतकं जवळ आहे. १७९८ ची डिस्टिलरी, वेलींनी झाकलेल्या दगडी भिंती. तिच्या पाण्याच्या ओढ्याच्या गेलिक नावाचा अर्थ पाणमांजराचा ओढा. गावात धरणाला लागून सॅमन माशांसाठी बांधलेला पाण्याचा जिना आहे, तोही बघा.

ग्लासगोकरांनी ग्लेनगॉइनला जावं. हायलँड आणि दक्षिणेकडचा सखल लोलँड यांची सीमारेषा तिथं समोरच्या रस्त्यावरून जाते: भट्टी हायलँडमध्ये आणि रस्ता ओलांडला की पिंपांची गोदामं लोलँडमध्ये. तिथला जव वाळवताना धूर अजिबात वापरत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा चव घेणाऱ्याला ती जड जात नाही. गिरणगावाशी नातं असलेलं कुणी बरोबर असेल तर डीनस्टनला न्या. १७८५ च्या कापडगिरणीच्या इमारतीत ती डिस्टिलरी आहे आणि डून किल्ला जवळच. माझे मामेसासरे मुंबईत गिरणीत जॉबर होते. ते भट्टीपेक्षा इमारतीची छतंच जास्त बघत होते.

ज्यांना पायी फार चालवत नाही त्यांच्यासाठी शहरातच, किल्ल्याजवळ रॉयल माइलवर स्कॉच व्हिस्की एक्सपीरिअन्स आहे. खरी भट्टी नाही, पण तीन हजारांहून जास्त बाटल्यांचा संग्रह एका खोलीत उजळलेला दिसतो.

स्पेसाइड, आयला इथं जाणं जमेल का?

मुक्काम करणार असाल तरच. स्पेसाइड हा डिस्टिलऱ्यांचा दाट पट्टा, तिथं किमान दोन रात्री द्या. डफटाउनला ग्लेनफिडिक आहे, कीथला १७८६ ची स्ट्रॅथआयला आणि क्रेगेलाखीला पिंपांचा कारखाना. तो कारखाना माझ्या मते कुठल्याही डिस्टिलरीइतकाच बघण्यासारखा आहे: वरच्या सज्जातून खाली कारागीर ओकच्या फळ्या लोखंडी कड्यांत ठोकून बसवताना दिसतात, खिळा नाही, गोंद नाही. आयला बेटावर बोटीनं साधारण दोन तास किंवा थोडे जास्त लागतात आणि वारं सुटलं की फेऱ्या रद्द होतात. आई-वडिलांच्या परतीच्या विमानाआधीच्या आठवड्यात ते धाडस करू नका.

गाडी कोण चालवणार?

जो थेंबही घेणार नाही तो. स्कॉटलंडमध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. डिसेंबर २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. एका ग्लासानं काय होतंय, असं म्हणूच नका. आदल्या रात्री घेऊन सकाळी गाडी चालवताना पकडलेले लोकही माझ्या माहितीत आहेत. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, घरी जाऊन घेता येतो. बुकिंगच्या वेळीच "आमच्यातला एक जण गाडी चालवणार आहे" असं कळवा.

चव घ्यायची कशी? सासऱ्यांना सोडा आणि बर्फ लागतो.

घरी लागतो, तर घरी घालू द्या. चव घेताना मात्र एकदा नुसती घेऊन बघायला सांगा.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता असतो, वास एकवटावा म्हणून. आधी रंग बघा, पण रंगावर विश्वास ठेवू नका, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्यानं परवानगी आहे. मग नाक काठाजवळ न्या, तोंड किंचित उघडं ठेवा. थेट नाक खुपसलं तर नुसता झणका बसतो. अत्तर जसं मनगटावर लावून थोडं लांबून घेतो, तसं. मग इवलासा घोट घेऊन जिभेवर फिरवा. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला असतो, मत दुसऱ्या घोटाला द्या. नंतर ड्रॉपरनं दोन-तीन थेंब पाणी टाका आणि पुन्हा हुंगा. वास खरोखर बदलतो. अण्णांनी हे तीनदा करून बघितलं, दर वेळी पाण्याचे थेंब मोजत.

मोठा बर्फ टाकला की व्हिस्की गार होते आणि गार झाली की वास दबतो. तिच्यासाठी पैसे वासाचेच मोजलेत, एवढं त्यांना सांगा. आपल्याकडचा छोटा पेग ३० मिलिलिटरचा, इथल्या पबमध्ये २५ किंवा ३५ चा, आणि डिस्टिलरीत चवीला बहुतेक त्याहून कमी. रिकाम्या पोटी जाऊ नका. चकण्याला तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे नेऊ नका, जीभ बधिर होते. सोबत साधं पाणी आणि कोरडं बिस्किट पुरे.

न पिणाऱ्यांनीही हुंगण्यात भाग घ्यावा. ब्लेअर अ‍ॅथॉलला शेरीच्या पिंपातली एक व्हिस्की होती. आम्ही सगळे कागदावरचे शब्द वाचून अक्रोड, सुका मेवा असं काहीबाही म्हणत होतो. आईंनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये दुपारी शिरलं की हाच वास." त्यांच्या माहेरी द्राक्षं आहेत. शेरी ही द्राक्षांचीच दारू, तेव्हा तो वास लाकडात मुरलेला असणारच. गाइडनं तासगावचं नाव वहीत लिहून घेतलं. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातली असेल तर व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याची आठवण होते.

त्या धुराच्या वासाचं काय? सासरे म्हणाले दवाखान्यासारखा येतो.

तो पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत दबलेल्या शेवाळ-गवताचा थर, वाळवून जाळता येतो. बेटांवर लाकूड कमी, म्हणून जव त्यावर वाळवत. धूर दाण्यात मुरतो आणि शेवटपर्यंत टिकतो. आयलाच्या लफ्रॉइग, लगाव्हुलिन, अर्डबेग यांच्यात तो फार. काहींना चूल आठवते, काहींना टिंक्चर आयोडीन. पहिल्याच दिवशी ही देऊ नका. ज्याला आवडते त्याला मग दुसरी चालत नाही.

आपल्याकडची व्हिस्की आणि ही, फरक काय?

अण्णा याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देतात. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीपासून केलेलं स्पिरिट असतं. इथं ते व्हिस्की म्हणून विकता येत नाही, धान्यच लागतं. स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमध्ये, ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरलेली आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी नसलेली हवी. बाटलीवर १२ लिहिलेलं असेल तर आतली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या जवाची.

पण भारतातही जवाच्या सिंगल माल्ट होतात आणि उत्तम होतात. बंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा ग्लासगोत आणली होती. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आहे. आपल्या उष्णतेत पिंपातून कितीतरी जास्त उडून जाते, पण मुरतेही लवकर. इथं वर्षाला साधारण दोन टक्के उडते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आईंनी विचारलं होतं, "मग झाकण घट्ट का नाही लावत?" गाइड म्हणाली, झाकण घट्टच असतं, लाकूडच श्वास घेतं, आणि तो थांबवला तर आतली कच्चीच राहील.

गाइडचं इंग्रजी कळेल का?

सुरुवातीला नाही. पुढं उभं राहा, गाइडला आधीच सांगा की थोडं सावकाश बोला, ते आनंदानं बोलतात. मी प्रत्येक थांब्यावर दोन वाक्यांत मराठीत सांगत असे. आंबवण, भट्टी, पिंप, मुरवणं, सगळे शब्द आपल्याकडे आहेतच.

लहान मुलं?

बऱ्याच ठिकाणी आठ वर्षांखालच्या मुलांना उत्पादनाच्या भागात सोडत नाहीत. आमच्या भाच्याला एका ठिकाणी दारातच थांबावं लागलं, वेबसाइटवर ते कुठंतरी खाली लिहिलं होतं. आधी फोन करून विचारा आणि मोठ्यांच्या दोन तुकड्या करा.

शाकाहारी जेवण?

मिळतं. हॅगिस हा इथला मांसाचा पारंपरिक पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस ओट, डाळी आणि भाज्यांचं असतं, मिरपूड सढळ, आईंना आवडलं. तरी हायलँड्समध्ये संध्याकाळी आठनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, म्हणून पिशवीत दशम्या आणि चटणी असू द्या.

जाताना किती बाटल्या नेता येतील?

भारतात मोठ्या माणसामागे दोन लिटर मद्य शुल्काविना नेता येतं. इथली बाटली ७०० मिलिलिटरची. दोन नेल्या तर १.४ लिटर, तीन झाल्या तर २.१, म्हणजे मर्यादेबाहेर. अण्णांनी यावर तोडगा काढला: दोन बाटल्या आणि ५० मिलिलिटरच्या बारा छोट्या, बरोबर दोन लिटर. छोट्या बाटल्या मित्रांना वाटायलाही सोयीच्या. सगळं चेक-इन सामानात, मोज्यांत गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी. विमानतळावरच्या दुकानातून घेणार असाल आणि मधे विमान बदलायचं असेल, तर सीलबंद पिशवी अजिबात उघडू नका.

आणि महाराष्ट्रात परमिट लागतं, वयाची अट २५ आहे, हे इथं वाढलेल्या नातवंडांना सांगून ठेवा. अण्णांनी भारतात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आपलं परमिट नवं करून घेतलं, आणि बारा छोट्या बाटल्यांतल्या अकरा मित्रांना वाटून टाकल्या. बारावी, शेरीच्या पिंपातली, आईंच्या कपाटात आहे. त्या अधूनमधून बूच काढून वास घेतात आणि परत लावून ठेवतात.